चंद्रावरचे सात खड्डे

त्या प्रोफेसराचं नाव मी घेणार नाही. ज्यानं माझ्या भावाचं नाव घेतलं नाही, त्याचं नाव मी माझ्या तोंडानं का घेऊ? तुम्हाला कळायला 'प्रोफेसर' एवढं पुरे आहे. भावाचं नाव मात्र नीट ऐकून घ्या. पिराजी. पिराजी ओव्हाळ, मुक्काम अणदूर, तालुका तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद. धंदा दगडावर अक्षरं कोरण्याचा. मी त्याची पाठची बहीण अयोध्या. अणदूरच्या शाळेत पस्तीस वर्षं मास्तरीण होते. बाई लई तापट आहे असं गाव म्हणतं. म्हणू दे. तापट नसते तर ही गोष्ट सांगायला कुणी उरलंच नसतं.

छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो आणि आमच्या बापानं गावकीची कामं सोडली. मेलेलं ढोर ओढायला कुणी बोलवायला आलं की तो दारातूनच परत लावायचा. गावानंही मग डूख धरला. कुणी आम्हाला शेतात बोलवेना. पिराजी तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा असेल. नळदुर्गात दगडोबा नावाचा एक म्हातारा पाथरवट होता. त्याला मूलबाळ नव्हतं, आणि जात बघत बसण्याइतका धीर नव्हता. त्यानं पिराजीला हाताशी धरलं. आधी जाती, पाटे, वरवंटे, आणि हात बसल्यावर अक्षरं.

दगडोबा त्याला एकच गोष्ट रोज सांगायचा. "पिऱ्या, दगडात उठाव कुठला आन् खड्डा कुठला, हे डोळ्याला कळत न्हाय. डोळा फसतो. आधी उजेड कुठनं येतो ते बग, मग टाकी लाव." म्हणून पिराजीला सवयच लागली होती. कुठलाही दगड हातात आला की आधी तो उन्हाकडं धरून गोल फिरवायचा. घरात भाकरी ताटात पडली तरी तिच्याकडं एक डोळा मिटून बघायचा. वहिनी, म्हणजे भिमाबाई, म्हणायची, "खावा आता, ती काय कोनशिला हाय व्हय?"

सत्तरच्या आसपास आमच्याकडं सोसायट्यांचं पेव फुटलं. दूध सोसायटी, विकास सोसायटी, खरेदी-विक्री संघ. प्रत्येक सोसायटीला एक चेअरमन, आणि प्रत्येक चेअरमनला एक कोनशिला पाहिजेच. पाया खणायच्या आधी दगडावर नाव. पिराजीला काम मिळालं खरं. आमच्या भागात आबाराव म्हणून बडं प्रस्थ होतं. ज्या सोसायटीत बघावं तिथं चेअरमन तोच. दूध सोसायटीच्या कोनशिलेवर पिराजीनं पाहुण्यांची, संचालकांची, सगळ्यांची नावं कोरली आणि खाली अगदी कोपऱ्यात, ज्वारीच्या दाण्याएवढ्या अक्षरांत, स्वतःचं नाव टाकलं. सगळे कारागीर टाकतात. उद्घाटनाच्या दिवशी पडदा सरकला आणि आबारावाची नजर नेमकी तिथंच गेली.

"हे कुणाचं?" त्यानं विचारलं.

"माझं," पिराजी म्हणाला. "कोरणाऱ्याचं."

"पाहुण्यांच्या पायाशी तुझं नाव शोभतं व्हय रं? काढ ते. आत्ता."

पाहुणे हार घालून उभे, बँडवाले थांबलेले, आणि माझ्या भावानं पिशवीतून टाकी काढून, गुडघ्यावर बसून, शेदीडशे लोकांसमोर स्वतःचं नाव खरवडून काढलं. मी तिथं होते. कुणी चकार शब्द काढला नाही. मीसुद्धा नाही, नोकरी नवी होती माझी. त्याची लाज मला अजून वाटते.

घरी येताना तो म्हणाला, "अयोध्ये, आजवर शंभर जणांची नावं कोरली म्या. एकदा माझं कुठंतरी असावं बग. लई मोठं नको. असावं फकस्त." त्या दिवसापासून त्याच्या मनात ते एवढंच होतं. बाकी त्याला कशाची हाव नव्हती.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याचं वर्णन मी करणार नाही, ते ऐकून ऐकून कान किटले आहेत तुमचे. पाट्यावर वाटायला घरात काही नाही, तिथं पाटा कोण घेणार? कोनशिलाही थांबल्या. पिराजी नळदुर्गच्या रस्त्याला खडी फोडायला जाऊ लागला. ज्या हातानं वेलांट्या काढल्या, त्या हातानं दिवसभर घण. तिथला मुकादम महालिंगप्पा, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारा, पण माणूस बरा. त्र्याहत्तरच्या जानेवारीत एक जीप आली. जीपमध्ये तो प्रोफेसर आणि त्याचे दोन विद्यार्थी. त्यांना काळ्या पाषाणाचे ताजे तुकडे हवे होते, पण असे की फोडताना थर बिघडायला नकोत. महालिंगप्पानं पिराजीला पुढं केलं.

प्रोफेसराचा मुक्काम नळदुर्गच्या डाक बंगल्यात. तो कशाचा अभ्यास करत होता सांगितलं तर हसाल. चंद्रावरच्या ज्वालामुखींचा! माणसं प्यायच्या पाण्यासाठी चार-चार कोस चालतायत आणि हा नळदुर्गात बसून चंद्र बघतोय, असं सगळी खडीवाली माणसं म्हणायची. मीही म्हटलं होतं. पण पिराजी पहिल्या दिवशी परत आला तो नुसता फुलून आला होता.

"अयोध्ये, चंद्रावर काळे डाग दिसत्यात ना, तो आपलाच काळा पाषाण हाय म्हणं! तिथं बी पोटातनं रस वर आला आन् थिजला. आपल्या नळदुर्गासारखा. थरावर थर."

मग रोज संध्याकाळी आम्हाला शिकवणी. एकाहत्तर साली एक यान चंद्राकडं गेलं. त्यातले दोघं खाली उतरले, एक जण मात्र वरच राहिला आणि चंद्राभोवती घिरट्या घालत राहिला. त्या फिरत्या यानात मोठाले कॅमेरे होते. फेरी मारता मारता पट्ट्याच्या पट्ट्या फोटो काढले. त्या फोटोंवरून कुठं रस वाहिला, कुठं थिजला, कुठं एका थरावर दुसरा थर चढला, ते वाचायचं. प्रोफेसराकडं त्यातल्या काही फोटोंच्या प्रती होत्या, टेबलाएवढ्या. एका फोटोत थिजलेल्या रसाची कड दिसत होती, बुटक्या बांधासारखी. प्रोफेसरानं सांगितलं होतं की ही कड दिसली ती ऊन तिरपं होतं म्हणून. ऊन माथ्यावर असतं तर तिथं सपाट मैदानच दिसलं असतं. हे ऐकून पिराजी मोठ्यानं हसला होता म्हणे. "हे तर दगडोबानं मला फुकट शिकवलं!"

आणि वर राहिलेल्या त्या एका माणसाची त्याला फार ओढ लागली. "साहेब, त्येचं नाव काय?" त्यानं विचारलं होतं. प्रोफेसराला आठवलं नाही. खाली उतरलेल्या दोघांची नावं त्याला तोंडपाठ होती.

आठवड्याभरात प्रोफेसर त्याच्यावर खूश झाला. पिराजी दगड असा फोडायचा की थरांची वही उघडावी तसा तो उघडायचा. एक दिवस प्रोफेसर सगळ्यांसमोर म्हणाला, "पिराजी, मी शोधनिबंध लिहिणार आहे. त्यात तुझं नाव छापतो. जगभर जाईल."

त्या दिवशी माझा भाऊ घरी आला तो थेट माझ्यापाशी. "छापणार म्हणाला, अयोध्ये. छापलेलं कुणी खरवडत न्हाय." वहिनीनं त्या रात्री दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीच्या भाकरीवर कुठून तरी मिरचीचा ठेचा केला होता. मला तेव्हाही त्या माणसाचा भरवसा वाटला नव्हता. पण भावाचं तोंड बघून मी गप्प बसले.

आता खरं काय घडलं ते ऐका. मला हे पिराजीनं सांगितलं, आणि पुढं त्या दोन विद्यार्थ्यांतल्या रामकिसननंही अगदी तसंच सांगितलं, म्हणून मी छातीठोकपणे सांगते.

प्रोफेसराचा एक लाडका फोटो होता. त्यात सपाट काळ्या मैदानावर सात गोल उंचवटे, ओळीनं. प्रोफेसराचं म्हणणं, हे लाव्ह्याचे फुगे, छोटे ज्वालामुखी, आणि अशी सरळ ओळ आजवर कुणी पाहिलेली नाही. मार्चमध्ये दिल्लीला मोठी परिषद होती, तिथं तो हेच वाचणार होता. फोटो डाक बंगल्याच्या व्हरांड्यात टेबलावर पसरलेला. पिराजी दगडांची पाटी ठेवायला आला आणि एक डोळा मिटून बघत उभा राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "ही टेकाडं न्हाईत. खड्डे हायेत."

प्रोफेसर हसला. "अरे, डोळ्यांना स्पष्ट दिसतंय."

"डोळा फसतोय, साहेब. तुमच्या बाकी समद्या फोटोंत ऊन उजवीकडनं हाय. ह्या एकात डावीकडनं हाय. ह्यो कडंचा डोंगर बगा, त्येची सावली कुठं पडलीया. उजवीकडं. तुमच्या नजरेला उजव्या उजेडाची सवय लागलीया, म्हणून समदं उलटं दिसतंय."

खरंच होतं ते. यान चंद्राला फेरी मारतं तेव्हा एका कडेला तिथली सकाळ असते, दुसऱ्या कडेला संध्याकाळ. बाकीचे फोटो एका कडेचे, हा एकटा दुसऱ्या कडेचा. एवढी साधी गोष्ट. पण प्रोफेसराचं हसू गेलं.

पिराजीला वाटलं, साहेबाला समजलं नाही. तो इतका भोळा होता की मला आजही त्याचा राग येतो. त्यानं पाटीतला एक सपाट दगड घेतला, टाकीनं त्यावर शेजारी शेजारी एक वाटोळा खड्डा आणि एक वाटोळा उठाव पाडला, आणि उतरत्या उन्हात प्रोफेसरासमोर धरला. "एक डोळा झाका, साहेब. आता म्या दगड फिरवतो. बगा, खड्ड्याचं टेकाड झालं का न्हाय?"

रामकिसननं एक डोळा झाकला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "अरेच्चा! झालं की!" दुसरा विद्यार्थी फिसकन हसला. तिथंच घात झाला. चूक दाखवली याचं प्रोफेसराला एवढं लागलं नसतं, पण पोरांसमोर, एका खडी फोडणाऱ्यानं दाखवली ना!

आणि पिराजी थांबेना. "आन् साहेब, खड्डे एका ओळीत हायेत म्हंजी खाली पोकळ असणार. आमच्याकडं जुना खापराचा नळ गेलाय जिमिनीखालनं. तो पिचला की वरची माती अशीच वळीनं बसती, एकाम्होरं एक. रस वरनं थिजला आसंल आन् खालनं वाहून गेला आसंल. मग छत पडलं जागोजाग."

प्रोफेसरानं तो दगड त्याच्या हातातून घेतला आणि अंगणात भिरकावला. "तू मला चंद्र शिकवणार? चार बुकं तरी वाचलीत का आयुष्यात? तुला दगड फोडायला ठेवलंय, तोंड चालवायला नाही. उद्यापासून येऊ नकोस."

पिराजी खाली मान घालून अंगणात गेला, तो दगड शोधला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि घरी आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा खडी.

मी म्हटलं, "कशाला बोललास? नाव छापणार होता ना तो तुझं? बसायचं होतंस गप."

"चुकीच्या कामावर नाव कोरून काय करू?" तो म्हणाला. एवढंच. आणि खोकत बसला. दगडाची भुकटी तेव्हापासूनच छातीत साठायला लागली होती.

दोन वर्षांनी रामकिसन तालुक्याच्या कॉलेजात शिकवायला लागला. एक दिवस तो शाळेत मला भेटायला आला, हातात इंग्रजी मासिक. माझ्यापुढं ठेवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "बाई, तुम्ही वाचा." तो जीव घेऊन पळाल्यासारखा निघून गेला. मी शब्दकोश घेऊन बसले. तीन दिवस लागले मला. फोटो तोच. सात खड्डे. होय, खड्डे! लाव्ह्याचा बोगदा, वरून थिजलेला, आतून वाहून गेलेला, छत जागोजाग कोसळून झालेली खड्ड्यांची माळ. पिराजीचं वाक्य न् वाक्य, फक्त इंग्रजीत. खापराचा नळ तेवढा गाळला होता. शेवटी आभार. विद्यापीठाचे आभार, दोन्ही विद्यार्थ्यांचे आभार, जीपच्या ड्रायव्हरचे आभार. डाक बंगल्याच्या खानसाम्याचेसुद्धा आभार, जेवण उत्तम दिल्याबद्दल! मी शेवटचं पान चार वेळा वाचलं. पिराजी कुठंच नव्हता.

मी रडत रडत घरी गेले. माझं रडणं दुःखाचं नसतं, संतापाचं असतं. पिराजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर खड्डे लिव्हलंय ना? टेकाडं न्हाय ना?"

"खड्डे लिहिलंय."

"मग झालं."

काय झालं? डोंबल झालं! मी भांडले त्याच्याशी, वाटेल ते बोलले. पत्र लिहू म्हटलं, पेपरात देऊ म्हटलं. तो नाही म्हणाला. पण नंतर दोन दिवस त्यानं टाकीला हात लावला नाही. परड्यात बसून तो जुना दगड, खड्डा आणि उठाव पाडलेला, उन्हात फिरवत राहिला. वहिनी मला म्हणाली, "तुमी काय बोलू नगा आता. आत लागलंय त्येंला."

पुढची सात-आठ वर्षं मी गाळते. सोसायट्या वाढल्या, आबारावाचं पोट वाढलं, पिराजीचा खोकला वाढला. ब्याऐंशी साली आबारावाच्या संस्थेनं तालुक्याच्या कॉलेजला सायन्सची नवी इमारत बांधली. उद्घाटनाला पाहुणा कोण? तोच प्रोफेसर. आता मोठा झाला होता, चंद्राच्या बोगद्यावर. आणि कोनशिला कुणी कोरायची? आख्ख्या तालुक्यात तसा हात दुसरा नव्हता. आबारावाचा माणूस येऊन सांगून गेला, मजकूर हा, आणि कोपऱ्यात काही नको.

मला वाटलं पिराजी त्याला हाकलून देईल. तो म्हणाला, "करतो."

मग मात्र माझा तोल गेला. "लाज वाटत नाही तुला? ज्यानं तुझं नाव खाल्लं त्याचं नाव कोरणार? आपल्या बापानं गावकी सोडली ती कशासाठी? तू पुन्हा त्यांचंच ओझं वाहायला निघालास!" असं मी म्हटलं, आणि याहून वाईटही म्हटलं, ते इथं सांगवत नाही. तो नुसता खोकत राहिला. त्या दिवशी मी शाळेजवळ खोली घेतली आणि त्याच्याशी बोलणं सोडलं.

तीन महिने त्यानं तो दगड केला. एका कोनशिलेला तीन महिने! जानेवारीत, भर दुपारी, उद्घाटन झालं. मी गेले नाही. ऐकलं ते एवढंच की प्रोफेसराच्या नावाखाली हातभर कोरी पट्टी होती, आरशासारखी घोटलेली, आणि प्रोफेसरानं त्यावरून हात फिरवून म्हटलं, "वा, काय पॉलिश आहे! आमच्या देशाचा कारागीर!" पिराजी मांडवाच्या मागं उभा होता. त्याला कुणी पुढं बोलावलं नाही.

फेब्रुवारीत वहिनी माझ्या खोलीवर आली. "त्येनी सांगितलंय, संध्याकाळी पाचला कॉलेजात जाऊन ये म्हणावं. त्या दगडापाशी."

"मी कशाला जाऊ तिथं त्या माणसाचं नाव बघायला?"

वहिनी पुन्हा दोनदा आली. मी दोन्ही वेळा तेच म्हटलं. जुलैत, भर पावसाळ्यात, पिराजी गेला. छातीत दगडाची भुकटी, दुसरं काय. नऊ महिने मी त्याच्याशी बोलले नव्हते. मी त्याच्या पायापाशी बसले होते आणि गाव म्हणत होतं, बघा, आता रडतीया. बरोबरच म्हणत होतं.

आमच्या बौद्धांतलं दिवसकार्य, पुण्यानुमोदन, झालं आणि दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले. पाच वाजता. काही दिसलं नाही. काळा दगड, वर त्या माणसाचं नाव, खाली कोरी पट्टी. मी तासभर उभी राहिले. मला पुन्हा राग आला त्याचा. मेल्यावरही! हे बघायला बोलावत होता का मला?

पण नोव्हेंबरात दिवाळीनंतर पेपर तपासायच्या कामानं मी त्या कॉलेजात होते, आणि निघायला पाच वाजले. ती भिंत दक्षिणेकडं तोंड करून आहे आणि तिच्यावर पोर्चचा स्लॅब आहे. सकाळचं ऊन पूर्वेकडची जुनी इमारत अडवते, आणि दुपारचं तिथं कधी येतच नाही. उन्हाळ्या-पावसाळ्यात सूर्य उत्तरेकडं मावळतो, तेव्हा संध्याकाळचंही येत नाही. दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत मात्र मावळतीचं ऊन पोर्चखालून शिरतं आणि भिंतीला घासून जातं. अगदी तिरपं. मी आधी आले होते तेव्हा पावसाळा होता.

ऊन पट्टीवर चढलं आणि कोऱ्या दगडातून सात खड्डे वर आले. ओळीनं. चंद्रावरचे. त्यांच्या पुढं अक्षरं: पिराजी ओव्हाळ, अणदूर. नखाला लागणार नाहीत इतकी उथळ. केवढ्या धीरानं कोरली असतील! मी तिथल्या पायरीवर बसले आणि मोठ्यानं रडले. शिपाई धावत आला. मी त्याला म्हटलं, काही नाही, भावाचं पत्र आलं.

आणि बघा, पुढच्याच महिन्यात तो प्रोफेसर व्याख्यानाला आला. विषय, चंद्रावरचे ज्वालामुखी. मी पहिल्या रांगेत बसले. त्यानं पडद्यावर सात खड्डे दाखवले आणि म्हणाला, "या फोटोवर माझी नजर पडली आणि क्षणात मला उमगलं." मी घड्याळ बघत होते. पावणेपाचला टाळ्या वाजल्या. मी पुढं झाले.

"सर, तुमच्या नावाच्या कोनशिलेपाशी जरा येता का? पाच मिनिटं. मी जवळच्याच एका शाळेत शिकवते."

खुशीत आला तो. आबाराव आला, रामकिसन आला, दहा-बारा मुलं आली. सगळे दगडासमोर उभे राहिले. मी बाजूला झाले, आणि ऊन चढलं.

चंद्रावरच्या तिरप्या उन्हावर आयुष्य काढलेला माणूस तो. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. खड्डे दिसायला लागले तसा तो एक पाऊल मागं सरला. चेहरा भुईमुगाच्या टरफलासारखा झाला होता. आबाराव म्हणाला, "ही काय भानगड हाय? कुणी केलं हे?" रामकिसन खाली बघत होता.

प्रोफेसर हळूच म्हणाला, "हे काढता येईल का?"

"येईल की," मी म्हटलं. "पण घासाल तिथं पॉलिशला डाग पडेल, आणि लोक रोज विचारतील इथं काय होतं. त्यापेक्षा अख्खा दगडच काढा. वर तुमचंच नाव आहे."

आबाराव प्रोफेसराकडं बघायला लागला.

"सर, तुम्हाला मराठी वाचता येतं ना?" मी विचारलं. "मग वाचा. काय लिहिलंय?"

"बाई, तुम्ही..."

"वाचा."

मुलं बघत होती. तो खोल गेलेल्या आवाजात, तोंडातल्या तोंडात म्हणाला, "पिराजी ओव्हाळ. अणदूर."

पस्तीस वर्षं मुलांकडून धडे वाचून घेतलेत मी. "मागं ऐकू येत नाही," मी म्हटलं. "पुन्हा."

त्यानं पुन्हा वाचलं. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं. मग ऊन भिंतीवरून सरकलं, दगड कोरा झाला, आणि मी कुणाचा निरोप न घेता एसटी स्टँडवर आले.

अणदूरला उतरले तेव्हा वहिनी चुलीपुढं होती. मी उंबऱ्यातूनच तिला सांगितलं, "घेतलं त्यानं नाव. दोनदा."